विश्लेषण : कर्करोगाच्या पेशींना इतकी साखर का लागते? ओटो वॉरबर्ग यांचा शोध मेंदूच्या ट्यूमरवरील केमोथेरपीबद्दल काय सांगतो?

घरात कुणाला कर्करोगाचे निदान झाले की काही दिवसांतच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश येऊन पडतो. ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला कर्करोगाचे मूळ कारण शोधल्याबद्दल १९३१ मध्ये नोबेल मिळाले, कर्करोगाच्या पेशी साखरेवरच जगतात, तेव्हा साखर तोडा, खायचा सोडा घ्या, शरीर अल्कलाइन ठेवा, केमोथेरपीच्या भानगडीत पडू नका, असा त्याचा साधारण सूर असतो. यातले वॉरबर्ग खरे आहेत, नोबेलही खरे आहे आणि साखरेची गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी मात्र रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच हा माणूस कोण होता, त्याने नेमके काय शोधले, तो कुठे चुकला आणि शंभर वर्षांनंतर मेंदूच्या ट्यूमरवर उपचार करणारे डॉक्टर त्याचे नाव का घेतात, हे समजून घ्यायला हवे.

कोण होते ओटो वॉरबर्ग?

ओटो हाइनरिश वॉरबर्ग यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे झाला. वडील एमिल वॉरबर्ग हे त्या काळातील नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. ते मूळचे ज्यू कुटुंबातले, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई प्रोटेस्टंट घराण्यातली. वडिलांची बर्लिन विद्यापीठात नेमणूक झाल्यावर १८९५ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर, भौतिक रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांच्यासारख्या दिग्गजांचा घरी राबता होता. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही शिस्त मुलाला घरातूनच मिळाली.

फिशर यांच्या हाताखाली १९०६ मध्ये त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तेवढ्यावर न थांबता ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १९११ मध्ये हायडेलबर्ग येथून वैद्यकातील पदवीही घेतली. कर्करोगावर इलाज शोधायचा, ही महत्त्वाकांक्षा तरुणपणापासूनची. त्यासाठी आधी निरोगी पेशी श्वास कसा घेते, हे कळायला हवे, असे त्यांचे गणित होते.

मधल्या काळात इटलीतील नेपल्सच्या सागरी जीवशास्त्र केंद्रात त्यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांवर प्रयोग केले. अंड्याचे फलन होताच त्याची ऑक्सिजनची भूक अनेक पटींनी वाढते, असे १९०८ मध्ये त्यांना दिसले. यातून एक अंदाज त्यांच्या मनात पक्का झाला. वेगाने वाढणाऱ्या पेशींना जास्त ऑक्सिजन लागत असेल, तर सुसाट वाढणाऱ्या ट्यूमरला तो आणखी जास्त लागत असणार. हा अंदाज पुढे साफ चुकला आणि त्या चुकण्यातूनच त्यांचा सर्वांत गाजलेला शोध लागला.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा बर्लिनजवळच्या डाहलेम येथील कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेत त्यांची नेमणूक झालेली होती. तरीही ते स्वेच्छेने घोडदळात दाखल झाले, आघाडीवर लढले, जखमी झाले, त्यांना ‘आयर्न क्रॉस’ हे शौर्यपदकही मिळाले. मुलगा युद्धात संपेल या भीतीने घरच्यांनी आणि स्नेह्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांना गळ घातली. १९१८ मध्ये आइन्स्टाइन यांनी वॉरबर्ग यांना पत्र लिहून सांगितले, की आघाडीवर त्यांची जागा दुसरा कुणी घेऊ शकेल, प्रयोगशाळेतली जागा मात्र सहजासहजी भरून निघणार नाही. वॉरबर्ग परतले. घोडेस्वारी आणि लष्करी शिस्त मात्र आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिली.

साखरेचे कोडे कसे सापडले?

डाहलेमला परतल्यावर वॉरबर्ग यांनी स्वतःची मोजमापाची पद्धत विकसित केली. जिवंत ऊतीचा अतिशय पातळ काप घ्यायचा, इतका पातळ की ऑक्सिजन त्याच्या आतपर्यंत पोहोचेल. तो बंद काचपात्रात द्रावणात ठेवायचा. पेशींनी ऑक्सिजन घेतला, की पात्रातील वायूचा दाब बदलतो आणि जोडलेल्या बारीक काचनळीतील द्रवाची पातळी हलते. त्या पातळीवरून पेशी किती श्वास घेतात आणि किती आम्ल तयार करतात, याचा हिशेब लागतो. हे ‘वॉरबर्ग उपकरण’ पुढची काही दशके जगभरच्या जीवरसायन प्रयोगशाळांत दिसत असे.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी उंदरांमधील ट्यूमरचे काप या पात्रात ठेवले. अपेक्षा होती भरपूर ऑक्सिजन खर्ची पडण्याची. प्रत्यक्षात तो निरोगी ऊतींइतकाच खर्च होत होता. पण ट्यूमर ग्लुकोज मात्र अधाशासारखे खात होता आणि त्यातून लॅक्टिक ॲसिडचा नुसता पूर वाहत होता. तेही भोवती मुबलक ऑक्सिजन असताना.

हे विचित्र का होते? आपण जोरात धावतो तेव्हा स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो आणि ते तात्पुरते लॅक्टिक ॲसिड तयार करतात. दुधाचे दही होते तेव्हा विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचे लॅक्टिक ॲसिड करतात. दोन्हीकडे ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवण्याचा हा जुना मार्ग वापरला जातो. पण ऑक्सिजन हाताशी असताना कुठली पेशी साखर अशी ‘आंबवत’ बसेल? ट्यूमरच्या पेशी नेमके तेच करत होत्या.

‘वॉरबर्ग परिणाम’ म्हणजे नेमके काय?

पेशी ग्लुकोजपासून ऊर्जा दोन टप्प्यांत काढते. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. याला ऑक्सिजन लागत नाही आणि ऊर्जेचे चलन असलेले एटीपीचे फक्त २ रेणू हाती पडतात. दुसऱ्या टप्प्यात ते तुकडे मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ‘भट्टी’त जातात, ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जळतात. संपूर्ण प्रक्रियेतून सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. ऑक्सिजन असतानाही बरेचसे ग्लुकोज पहिल्याच टप्प्यानंतर लॅक्टिक ॲसिड करून बाहेर टाकायचे, या सवयीला आज ‘वॉरबर्ग परिणाम’ म्हणतात. हे नाव अमेरिकी जीवरसायनतज्ज्ञ एफ्राइम रॅकर यांनी १९७२ मध्ये रूढ केले, म्हणजे वॉरबर्ग यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

वरवर पाहता हा तोट्याचा धंदा वाटतो. आजच्या संशोधकांना त्यामागचा हिशेब असा दिसतो : वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच बांधकामाचा मालही लागतो. घर बांधणारा माणूस सगळे लाकूड चुलीत घालत नाही. दारे-खिडक्यांसाठी काही राखून ठेवतो. ट्यूमरच्या पेशीही ग्लुकोजमधील कार्बन पूर्ण न जाळता त्यातून डीएनएचे घटक, पेशीपटलासाठी लागणारी मेदद्रव्ये आणि अमिनो आम्ले घडवतात. वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशी, अगदी रोगाशी लढणाऱ्या प्रतिकारपेशीही, असेच वागतात.

नोबेल पुरस्कार कशासाठी मिळाला?

येथे व्हॉट्सॲप संदेशातील पहिली खोट सापडते. १९३१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल वॉरबर्ग यांना कर्करोगासाठी मिळाले नाही. ते मिळाले पेशींच्या श्वसनात ऑक्सिजन हाताळणाऱ्या एन्झाइमचे स्वरूप आणि कार्यपद्धती शोधल्याबद्दल.

हा शोधही तितकाच देखणा होता. कार्बन मोनॉक्साइडमुळे यीस्टच्या पेशींचा श्वास अंधारात कोंडतो, पण प्रकाश टाकला की पुन्हा मोकळा होतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग कोणत्या रंगाच्या प्रकाशाने तो सर्वाधिक मोकळा होतो, हे त्यांनी मोजत नेले. जे एन्झाइम तेव्हा कुणी वेगळे करून पाहिलेले नव्हते, त्यात रक्तातील हिमोग्लोबिनसारखा लोहयुक्त घटक आहे, हे त्यांनी केवळ प्रकाशाच्या मोजमापावरून दाखवून दिले.

त्याच वर्षी अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून डाहलेम येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र पेशी शरीरक्रियाशास्त्र संस्था उभी राहिली. जुन्या जहागीरदाराच्या वाड्यासारखी दिसणारी ही इमारत आज माक्स प्लांक सोसायटीचे अभिलेखागार आहे.

यानंतरची काही वर्षे वॉरबर्ग यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी ठरली. घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशींपासून त्यांनी एक सहएन्झाइम वेगळे केले आणि त्यात निकोटिनामाइड हा घटक असल्याचे दाखवले. आज आपण या कुटुंबातील रेणूंना एनएडी आणि एनएडीपी म्हणतो. याच काळात त्यांनी ग्लुकोजला एका वेगळ्या, आडवाटेच्या रस्त्यावर नेणारे एन्झाइमही अभ्यासले. ते म्हणजे जी-सिक्स-पीडी. मलेरियावर प्रायमाक्विन देण्यापूर्वी डॉक्टर ज्याच्या कमतरतेबद्दल विचारतात, तेच हे एन्झाइम. ही दोन नावे लक्षात ठेवायला हवीत. केमोथेरपीला दाद न देणाऱ्या ट्यूमरच्या कथेत ती पुन्हा येणार आहेत.

त्यांच्या प्रयोगशाळेतून घडलेले विद्यार्थीही थोर निघाले. हान्स क्रेब्स यांनी वॉरबर्ग यांची ऊतीच्या कापांची पद्धत वापरून १९३२ मध्ये युरिया चक्र उलगडले आणि पुढे १९५३ चे नोबेल मिळवले. तेथे काम केलेले स्वीडनचे ह्यूगो थिओरेल १९५५ चे नोबेल मानकरी ठरले.

नाझी राजवटीत ते कसे टिकले?

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू वंशाच्या शास्त्रज्ञांना नोकरीतून काढले गेले. क्रेब्स इंग्लंडला गेले. वॉरबर्ग यांचे जुने सहकारी, नोबेल मानकरी ओटो मायरहोफ यांनाही १९३८ मध्ये देश सोडावा लागला. नाझी कायद्यानुसार वॉरबर्ग स्वतः ‘अर्धे ज्यू’ होते. तरीही ते डाहलेममध्येच राहिले. संस्था परदेशी देणगीतून उभी राहिलेली आणि तिचा संचालक जगप्रसिद्ध, याचा त्यांना काही काळ आधार मिळाला.

१९४१ मध्ये मात्र त्यांना पदावरून हटवण्यात आले. काही आठवड्यांतच थेट हिटलरच्या कार्यालयातून आदेश निघाला, की त्यांनी कर्करोगावरील काम सुरू ठेवावे. हिटलरची आई क्लारा १९०७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली होती आणि त्यालाही या आजाराची भीती होती, असे त्यामागचे कारण अनेकदा सांगितले जाते. बॉम्बहल्ले वाढल्यावर १९४३ मध्ये प्रयोगशाळा बर्लिनच्या उत्तरेकडील लीबेनबर्ग येथील एका जहागिरीत हलवली गेली. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने तेथील उपकरणे उचलून नेली.

लाखो ज्यूंचा संहार सुरू असताना राजवटीच्या मर्जीवर प्रयोगशाळा चालवत राहिलेला शास्त्रज्ञ, ही त्यांची प्रतिमा युद्धानंतर अनेक परदेशी सहकाऱ्यांना खुपत राहिली. देश सोडायला ते तयार नव्हते, कारण प्रयोगशाळा हेच त्यांचे जग होते. हे स्पष्टीकरण समजण्यासारखे आहे. ते पुरेसे आहे का, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही.

वॉरबर्ग कुठे चुकले?

युद्धानंतर काही काळ ते अमेरिकेत होते. तेथे प्रकाशसंश्लेषणात किती प्रकाशकण खर्च होतात, यावरून रॉबर्ट एमर्सन यांच्याशी त्यांचा जोरदार वाद झाला. एमर्सन हे त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी. पुढे एमर्सन यांचेच आकडे बरोबर ठरले. वॉरबर्ग यांनी ते मान्य केले नाही. १९५० मध्ये डाहलेमची संस्था पुन्हा सुरू झाली आणि ते बर्लिनला परतले.

१९५६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी कर्करोगाच्या उगमाबद्दल आपला सिद्धांत ठामपणे मांडला. त्यांच्या मते, पेशीची श्वसनयंत्रणा कायमची बिघडते, मग ती जगण्यासाठी साखर आंबवू लागते आणि त्यातून कर्करोग जन्मतो. १९६६ मध्ये लिंडाऊ येथील नोबेल मानकऱ्यांच्या मेळाव्यातही त्यांनी हेच कर्करोगाचे मूळ कारण असल्याचे सांगितले.

निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष घसरला. सिडनी वाइनहाउस यांनी त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले, की बहुतेक ट्यूमरचे श्वसन शाबूत असते. ब्रिटन चान्स यांच्या मोजमापांतही कर्करोगाच्या पेशींतील श्वसनाची यंत्रणा व्यवस्थित काम करताना दिसली. भट्टी फुटलेली नव्हती. पेशी ती चालू ठेवून वर साखरही आंबवत होती. पुढे १९७० च्या दशकात कर्करोगाला कारणीभूत जनुके सापडू लागली आणि वॉरबर्ग यांचा सिद्धांत अडगळीत गेला. वाढीचा आदेश देणारी बिघडलेली जनुकेच साखरेचा ओघही वाढवतात, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्पष्ट होत गेले. म्हणजे वॉरबर्ग यांनी जे कारण मानले, तो बहुतांशी परिणाम होता. त्याचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी झाले नाही.

शेवटची वर्षे कशी होती?

वॉरबर्ग यांना स्वतःला कर्करोगाची विलक्षण धास्ती होती. अन्नातील रसायनांवर त्यांचा विश्वास नव्हता. भाजीपाला ते स्वतःच्या बागेत पिकवत, पाव घरचाच खात. धूम्रपान, वाहनांचा धूर आणि अन्नातील कृत्रिम द्रव्यांविरुद्ध ते फार आधीपासून बोलत. त्यांनी लग्न केले नाही. याकोब हाइस हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती. घर आणि संस्थेचा कारभारही तेच पाहत.

निवृत्तीचे वय उलटूनही संस्थेने त्यांना संचालकपदावर ठेवले. १९६८ मध्ये ग्रंथालयातील शिडीवरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून गुंतागुंत होत गेली आणि १ ऑगस्ट १९७० रोजी फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ८६. ज्या आजाराला ते आयुष्यभर घाबरले, त्याने त्यांना गाठले नाही.

मेंदूच्या ट्यूमरशी त्यांचे नाव कसे जोडले गेले?

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो आणि त्याचे मुख्य इंधन ग्लुकोजच. त्यामुळे साखरेचा माग काढणारी तंत्रे सर्वप्रथम मेंदूवर वापरली गेली. १९७६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात किरणोत्सारी खूण असलेले ग्लुकोजसदृश द्रव्य पहिल्यांदा माणसाला दिले गेले. आजच्या पेट स्कॅनचा हा पाया. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जिओव्हानी दि किरो आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या ग्लायोमा प्रकारच्या ट्यूमरचे असे स्कॅन केले, तेव्हा ट्यूमर जितका आक्रमक तितकी त्याची ग्लुकोजची भूक मोठी, असे दिसले. वॉरबर्ग यांनी काचपात्रात पाहिलेले आता जिवंत रुग्णाच्या डोक्यात दिसत होते.

यातील सर्वांत घातक प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या गोळीच्या स्वरूपातील केमोथेरपी हा त्यावरचा आजचा प्रमाणित उपचार. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत रेडिएशनला या औषधाची जोड दिल्यावर मध्यमान आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. फायदा खरा आहे, पण जवळजवळ प्रत्येक रुग्णात ट्यूमर परत येतो. औषध काही काळाने चालेनासे का होते, हा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे.

ट्यूमर केमोथेरपीला दाद का देत नाही?

टेमोझोलोमाइड पेशीच्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल गट चिकटवते. त्यामुळे डीएनए बिघडतो आणि पेशी मरते. काही ट्यूमरमध्ये एमजीएमटी नावाचे दुरुस्ती करणारे प्रथिन असते. ते यातील सर्वांत घातक जोड काढून टाकते. ज्यांच्या ट्यूमरमध्ये या प्रथिनाचे जनुक बंद असते, त्यांना औषधाचा फायदा जास्त होतो. ही तपासणी आज उपचार ठरवताना केली जाते. पण एमजीएमटी हे एकमेव कारण नाही. पेशीच्या ऊर्जाव्यवहाराचा वाटा असा :

एक, दुरुस्तीचा माल. तुटलेला डीएनए सांधायला नवे घटक लागतात. ग्लुकोजला आडवाटेवर नेणारे जी-सिक्स-पीडी एन्झाइम नेमका त्यासाठीचा कच्चा माल पुरवते. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी डीएनएमधील प्युरिन घटक भरपूर बनवतात आणि त्याच्या बळावर रेडिएशनचे घाव भरून काढतात, असे २०२० मधील संशोधनात दिसले.

दोन, ढाल. याच आडवाटेवर एनएडीपीचे ऊर्जायुक्त रूप तयार होते. ते ग्लुटाथायोन या रक्षक रेणूला ताजेतवाने ठेवते. रेडिएशन आणि औषधांमुळे पेशीत निर्माण होणारी दाहक ऑक्सिजनसंयुगे हा रेणू निष्प्रभ करतो.

तीन, दुरुस्ती पथकाचे इंधन. डीएनए तुटला की पार्प नावाचे एन्झाइम तेथे खूण करून दुरुस्ती पथकाला बोलावते. ही खूण करताना ते एनएडी खर्च करते. म्हणजे वॉरबर्ग यांनी घोड्याच्या रक्तातून शोधलेल्या रेणूंच्या साठ्यावरच ट्यूमरचा बचाव बराच अवलंबून असतो.

चार, आजूबाजूचे वातावरण. ट्यूमरमध्ये रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात. आतल्या भागात ऑक्सिजन कमी, लॅक्टिक ॲसिड जास्त. तेथे औषध नीट पोहोचत नाही, प्रतिकारपेशी मरगळतात आणि कमी ऑक्सिजनमध्ये जगण्याची जनुके जागी होतात. ऑक्सिजनची ही जाणीव पेशीला कशी होते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

मग साखरेचा मार्ग बंद केला, तर ट्यूमर मरेल का?

येथेच वॉरबर्ग यांची चूक आजच्या रुग्णासाठी महत्त्वाची ठरते. ट्यूमरची भट्टी खरोखर बिघडलेली असती, तर साखर तोडून तो मेला असता. पण २०१२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांना खूण केलेले ग्लुकोज दिले आणि काढलेल्या ट्यूमरमध्ये त्याचे काय झाले ते तपासले. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी ते मायटोकॉन्ड्रियात व्यवस्थित जाळत होत्या. दोनच वर्षांनी मेंदूतील ट्यूमर ॲसिटेटही इंधन म्हणून वापरतात, हे समोर आले.

त्याहून चिंतेची बाब म्हणजे एकाच ट्यूमरमध्ये सगळ्या पेशींचा स्वभाव सारखा नसतो. भराभर वाढणाऱ्या पेशी साखरेवर अधिक अवलंबून असतात. मागे राहणाऱ्या, संथपणे वाढणाऱ्या पेशी मायटोकॉन्ड्रिया आणि मेद जाळण्यावर भर देतात, असे प्रयोगांत दिसते. केमोथेरपी पहिल्या गटावर जास्त परिणाम करते. दुसरा गट तगून राहतो आणि पुढे ट्यूमर पुन्हा उभा करतो. गॅस संपला की स्टोव्ह, स्टोव्ह नसेल तर चूल पेटवणाऱ्या घराप्रमाणे ट्यूमर इंधन बदलत राहतो. एकच इंधन तोडून तो उपाशी मरत नाही.

उपचारांत याचा उपयोग झाला आहे का?

काही प्रमाणात झाला आहे. २००८ मध्ये ग्लायोमाच्या जनुकांचा अभ्यास करताना आयडीएच-१ या ऊर्जाचक्रातील एन्झाइमचे जनुक काही रुग्णांत बदललेले आढळले. बदललेले एन्झाइम टू-एचजी नावाचे वेगळेच द्रव्य तयार करते आणि ते पेशीच्या जनुकांचे नियंत्रण बिघडवते, हे पुढच्याच वर्षी कळले. गंमत म्हणजे हे एन्झाइम एनएडीपीची ढाल बनवण्याऐवजी खर्च करते. असा बदल असलेले रुग्ण उपचारांना तुलनेने चांगला प्रतिसाद देतात आणि जास्त जगतात. त्यामागे ही कमकुवत ढाल हे एक कारण मानले जाते.

या एन्झाइमला रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधाच्या चाचणीत आजार वाढण्यापूर्वीचा मध्यमान काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयडीएच बदल असलेल्या, कमी दर्जाच्या ग्लायोमासाठी त्याला मान्यता दिली. ग्लायोब्लास्टोमात हा बदल नसतो, त्यामुळे तेथे हे औषध लागू पडत नाही.

बाकीचे प्रयत्न अजून सिद्ध झालेले नाहीत. मायटोकॉन्ड्रियाकडे ग्लुकोज वळवणारे डायक्लोरोॲसिटेट २०१० मध्ये कॅनडात ग्लायोब्लास्टोमाच्या अवघ्या ५ रुग्णांना दिले गेले. निष्कर्ष उत्सुकता वाढवणारे होते, पण पाच रुग्णांवरून उपचार ठरत नाही. अत्यल्प कर्बोदकांच्या कीटोजेनिक आहाराचेही छोटे अभ्यास झाले. त्याने आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

रुग्णाने आणि घरच्यांनी काय लक्षात घ्यावे?

साखर खाणे बंद केले तरी रक्तातील ग्लुकोज शून्यावर येत नाही. यकृत ते प्रथिने आणि इतर घटकांपासून बनवत राहते, कारण मेंदूला ते हवेच असते. रक्ताची आम्ल-अल्कली पातळी फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. सोडा खाऊन ती ट्यूमरला मारण्याइतकी बदलत नाही, उलट जास्त सोड्याने अपाय होऊ शकतो. उपचारादरम्यान वजन आणि ताकद घटणे हाच मोठा धोका असतो.

याचा अर्थ साखरेकडे दुर्लक्ष करावे असा नाही. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडमुळे अनेक रुग्णांची रक्तशर्करा वाढते. ती तपासणे आणि आटोक्यात ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. आहारात मोठा बदल करायचा असेल, तर तो कर्करोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांना विचारून करावा. निदानानंतर ट्यूमरची आयडीएच आणि एमजीएमटी तपासणी झाली आहे का, हे विचारणे मात्र रुग्णाच्या नक्की फायद्याचे आहे. पुढचा उपचार कोणता आणि त्याचा उपयोग किती, याचा अंदाज त्यावरून येतो.

वॉरबर्ग यांच्या नावाने फिरणारा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी त्यांच्या आयुष्यातील एवढी एक गोष्ट आठवावी. त्यांचे मोजमाप शंभर वर्षांनंतरही टिकले आहे. त्यावरून त्यांनी घाईने बांधलेला सिद्धांत त्यांच्या हयातीतच मागे पडला. ग्रुपवर येतो तो सिद्धांत. रुग्णालयात उपयोगी पडते ते मोजमाप.